बराकीत रात्री कोण असतं?

मे महिन्यात ठाण्याहून भाच्याचा फोन आला. तो फौजदारी वकिली करतो. अशिलाला भेटायला एका तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत दोन तास उभा राहून आला होता आणि बोलता बोलता पाण्याची अख्खी बाटली रिकामी करत होता. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे अमेरिकेत जेलात एसी असतो म्हणे. खरं का गं?"

"असतो," मी म्हटलं. "आणि कैद्यांची पहिली तक्रार त्याचीच असते. रात्री कुडकुडतात. दुसरं ब्लँकेट मागितलं तर मिळेलच असं नाही."

"अशी तक्रार करायला मिळाली तर आमचे पक्षकार पेढे वाटतील."

हसलो दोघंही. मग त्याने विचारलं, "बरं, तिकडे रात्री बराक कोण चालवतं?" हे त्याने सहज विचारलं, पण त्याचं उत्तर फोनवर देता येईना. म्हणून हा लेख.

मी काही जेलची जाणकार नाही. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आता निवृत्त आहे. पण मध्यंतरी वर्षभर मी कॅलिफोर्नियातल्या आमच्या काउंटीच्या (म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याच्या) नागरी ग्रँड ज्युरीवर होते. ही इथली एक जुनी आणि गमतीशीर संस्था आहे. दर काउंटीत साधारण १९ सामान्य नागरिक (लॉस एंजेलिसमध्ये २३) जुलै ते जून असं वर्षभर बसून स्थानिक कारभाराची झाडाझडती घेतात. मानधन चहापाण्यापुरतं. त्यांनी कोणती खाती तपासायची ते बहुतांशी त्यांनीच ठरवायचं असतं, पण एक काम कायद्यानेच गळ्यात घातलेलं आहे: काउंटीतल्या तुरुंगांची स्थिती आणि व्यवस्था यांची दरवर्षी चौकशी करायची. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक प्लंबर होता, एक दंतवैद्य होते आणि मी. काउंटीचं नाव घेत नाही, कारण ज्युरीच्या कामाबद्दल कायमची गुप्तता पाळायची शपथ असते. इथे लिहितेय ते जेलला भेट देणाऱ्या कुणालाही दिसेल इतकंच. बाकीचं जगजाहीर आहे.

माझं बालपण ठाण्याचं. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला, पुढे इंग्रजांनी ज्याचं जेल केलं तो. त्या भिंतीवरून शाळेत जाताना आईला विचारलं, आत कोण असतं, तर उत्तर यायचं, "चोर." आजोबांना विचारलं तर, "अनंत कान्हेरे." १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथेच फाशी झाली, हे आजोबा दर वेळी नव्याने सांगायचे. मराठी घरात तुरुंगाबद्दल या दोन उत्तरांपलीकडे तिसरं काही नसतं. एक तर चोर, नाहीतर हुतात्मा. टिळकांचं मंडाले, गांधींचं येरवडा, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगताहेत आणि साने गुरुजी उतरवून घेताहेत. या सगळ्यात तुरुंग म्हणजे नुसता नेपथ्याचा पडदा. स्वयंपाक कोण करायचं, दार कोण लावायचं, रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर काय व्हायचं, हे त्या गोष्टींत येत नाही.

आता तिसरं उत्तर तयार झालंय: पुढारी. छगन भुजबळ २०१६ ते २०१८ आर्थर रोडला होते. पुढे अनिल देशमुख, ज्यांच्याकडे गृहखातं, म्हणजे तुरुंगही होते, ते वर्षभराहून जास्त काळ तिथेच राहिले. संजय राऊतही तीनेक महिने राहून आले. नेता आत गेला की आठवडाभर महाराष्ट्राला तुरुंगाची काळजी लागते. घरचा डबा मिळणार का, झोपायला खाट मिळाली का, कुठल्या बराकीत टाकलं. नेता बाहेर आला की काळजी मिटते. अधूनमधून दुसरा एक विषय डोकं वर काढतो: मुंबईत जागा नाही, तर अमेरिकेसारखे बहुमजली तुरुंग बांधू या. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आतली आणि माणसं तीन हजारांच्या वर, त्यामुळे ही मागणी चुकीची आहे असं कोण म्हणेल? पण दर वेळी बातमीत मजले किती ते असतं, कॅमेरे किती ते असतं. माणसं किती नेमणार ते नसतं. मी हिशेबाची बाई. माझी नजर तिकडेच जाते.

आधी इथली भाषा सांगते. इथे जेल आणि प्रिझन हे दोन वेगळे प्रकार आहेत. प्रिझन राज्याची किंवा केंद्राची, तिथे मोठ्या शिक्षेचे पक्के कैदी. काउंटी जेल म्हणजे आपल्या पोलीस कोठडीपासून सबजेलपर्यंतचा सगळा पसारा एका छताखाली. काल रात्री दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला इथेच, खुनाच्या खटल्याची दोन वर्षं वाट बघणारा इथेच आणि किरकोळ गुन्ह्यात चार महिन्यांची शिक्षा भोगणाराही इथेच. कॅलिफोर्नियात जेलमधली शिक्षा पूर्वी जास्तीत जास्त वर्षभराची असायची. राज्याच्या प्रिझनांत इतकी गर्दी झाली की न्यायालयांचा रेटा आला, आणि २०११ साली राज्याने कमी गंभीर गुन्ह्यांचे कैदी काउंट्यांच्या गळ्यात टाकले. काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या खोल्यांत काही लोक वर्षानुवर्षं राहू लागले. अंगण नाही, वर्ग नाहीत, कामाच्या शाळा नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये संसार थाटावा तसं.

आत जाताना आधी फोन काढून घेतात. मग दोन दारांमधली एक चिंचोळी खोली लागते. मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही, आणि दोन्हींची कळ आपल्याला न दिसणाऱ्या कुणाच्या तरी हातात असते. त्या खोलीत आम्ही एकोणीसजण अर्धा मिनिट उभे होतो. गप्पिष्ट प्लंबरसुद्धा गप्प. नंतर नोंदणीचा कक्ष. पोलिसाची गाडी थेट बंद आवारात येते, माणूस उतरतो, त्याचा पट्टा, बुटाच्या नाड्या, पाकीट पारदर्शक पिशवीत जातं, बोटांचे ठसे होतात, फोटो होतो. मग नर्स बसते प्रश्न विचारायला. कुठली औषधं चालू आहेत, शेवटचं व्यसन कधी केलं, जीव द्यावासा वाटतो का, पूर्वी कधी प्रयत्न केलाय का. हा शेवटचा प्रश्न शोभेचा नाही. अमेरिकेतल्या जेलांत माणसं मरतात त्यात आत्महत्येचं कारण वर्षानुवर्षं सगळ्यात वर राहिलेलं आहे, आणि धोका सगळ्यात जास्त असतो तो आत आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. दारू उतरत असते, नोकरी गेलेली असते, बायकोला अजून कळवलेलं नसतं.

त्यानंतर वर्गवारी. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं हे एक अधिकारी तासभर मुलाखत घेऊन ठरवतो: गुन्हा, वय, आजार, पूर्वीचा इतिहास, आणि कॅलिफोर्नियात सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे टोळी. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या टोळ्या एका खोलीत ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत रक्त सांडतं. बऱ्याच ठिकाणी कपड्यांच्या रंगावरूनच वर्ग कळतो. मला हे पाहताना आपल्याकडचा एक निकाल आठवला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली जातीवरची कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. अमुक जातीने झाडायचं, तमुक जातीने रांधायचं, असं राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावलीत तोवर छापलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षं. त्या नियमावल्या कुणी वाचल्याच नव्हत्या असं नाही. आत कुणी रोज वाचत असणारच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते.

जुन्या पद्धतीचं जेल, अमेरिकेतलं काय आणि आपलं काय, एका समजुतीवर बांधलेलं असतं: माणसांना आत घाला, दार लावा, आणि पहारेकऱ्याने बाहेरून फेऱ्या माराव्यात. अमेरिकेत लांब बोळ आणि बोळाच्या कडेने कोठड्यांची रांग असायची. पहारेकरी चालत जाईल तेव्हा ज्या कोठडीसमोर असेल तेवढीच त्याला दिसणार. तो पुढे गेला की मागे कोण कोणाचा गळा धरतो ते देव जाणे. आपल्याकडे बोळाऐवजी लांबलचक बराक. संध्याकाळी मोजणी होते, टाळं लागतं, आणि सकाळी उघडेपर्यंत त्या शे-दीडशे माणसांचं राज्य त्यांचं त्यांच्याकडे. म्हणजे ज्याचा दरारा त्याच्याकडे. झोपायची जागा कोणाची, पंख्याखाली कोण, संडासापाशी कोण, हे तोच ठरवतो. भाच्याच्या प्रश्नामागे हे होतं. तिकडचा भाई कोण?

बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर तोडगा सुचवला होता: गोल इमारत, मधोमध मनोरा, मनोऱ्यात पहारेकरी. त्याला सगळे दिसतात, तो कुणाला दिसत नाही. काचेच्या नियंत्रण कक्षात बसून आठ पडदे बघणारा आजचा शिपाई हे त्याचंच वाढवलेलं रूप. सीसीटीव्ही बसवले की तुरुंग सुधारला असं मानणारे आपले मंत्रीही बेंथमचेच शिष्य, त्यांना माहीत नसलं तरी.

याच्या उलट विचार १९७० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंग खात्याने केला. सॅन दिएगो, न्यूयॉर्क आणि शिकागो इथे १९७४–७५ च्या सुमारास तीन उंच इमारती उभ्या राहिल्या. शिकागोची हॅरी वीझ या वास्तुविशारदाची, २८ मजली, त्रिकोणी, आणि खिडक्या इतक्या अरुंद, पाचेक इंच, की गज लावायची गरजच नाही. बहुमजली तुरुंगाचं स्वप्न पाहणाऱ्यांना हीच आवडते. (२०१२ च्या डिसेंबरात तिथल्या दोन बँक दरोडेखोरांनी चादरींचा दोर करून सतराव्या मजल्यावरून पळ काढला, हे त्यांना सांगायला मला आवडतं.) पण या इमारतींतली खरी नवलाई उंची नव्हतीच. बाहेरून उंची दिसते म्हणून आपण तीच पाहतो. नवलाई अशी की कैद्यांचे छोटे गट केले, प्रत्येक गटाला खोल्या आणि मधे एक सामायिक दिवाणखाना, म्हणजे पॉड, आणि पहारेकऱ्याला काचेबाहेर ठेवण्याऐवजी त्या दिवाणखान्यातच टेबल टाकून दिलं. एकटा. मधे गज नाही, काच नाही.

काउंटीच्या पातळीवर हे पहिल्यांदा केलं कॅलिफोर्नियातल्या काँट्रा कोस्टा काउंटीने, मार्टिनेझ गावात, १९८१ साली. गालिचे, लाकडी फर्निचर, पोलादी भांड्याऐवजी साधा चिनी मातीचा संडास. लोकांनी नावं ठेवली, चोरांना हॉटेल बांधून देताय म्हणून. पण मोडतोड वाढली नाही, कमी झाली. कारण सोपं आहे. ज्या खोलीत अधिकारी आठ-बारा तास बसलेला आहे, जो तुमची नावं जाणतो, भांडण ठिणगीत असतानाच उठून येतो, त्या खोलीत भाईला काम उरत नाही. दरारा ज्याच्याकडे असायचा त्या खुर्चीवर सरकारी माणूस बसलेला असतो.

आम्ही गेलो त्या पॉडमध्ये पन्नासच्या वर माणसं होती आणि एक डेप्युटी, म्हणजे पहाऱ्यावरची अधिकारी, तिशीतली, माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीची. मला तिचीच भीती वाटली, म्हणजे तिच्यासाठी. तिला विचारलं तर म्हणाली, काचेमागे होते तेव्हा जास्त भीती वाटायची, कारण तिथून फक्त वाईट झालेलं दिसायचं. एका म्हाताऱ्या कैद्याने येऊन तिला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं, तिने नाही म्हटलं, तो पुटपुटत परत गेला. एवढंच. मी ठाण्याच्या भिंतीमागे चाळीस वर्षं ज्याची कल्पना करत होते ते हे नव्हतं.

तर भाच्याला उत्तर: चांगल्या चाललेल्या जेलमध्ये रात्री बराक ती डेप्युटी चालवते.

पण याची किंमत काढू. एक खुर्ची वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे ८,७६० तास. एक माणूस आठवड्याला ४० तासांनी वर्षाचे २,०८० तास. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टात साक्ष, हे वजा केलं की हाताशी उरतात साधारण १,७००. म्हणजे एका खुर्चीमागे पाच माणसं, वर थोडं. दहा पॉड असले तर पन्नासवर माणसं फक्त त्या दहा टेबलांसाठी. नोंदणी, दवाखाना, स्वयंपाकघर, न्यायालयात ने-आण ही निराळी. इमारत एकदा बांधायची असते, ही माणसं दर महिन्याला पगार मागतात. जेलच्या तीसेक वर्षांच्या आयुष्यात बांधकामाचा खर्च हा एकूण खर्चाचा लहानसा तुकडा असतो, हे कुठलाही काउंटी हिशेबनीस सांगेल. उद्घाटनाची फीत मात्र इमारतीलाच बांधतात.

माणसं कमी पडली की काय होतं, तेही त्या तीन इमारतींतल्याच एकीने दाखवून दिलं. न्यूयॉर्कच्या केंद्रीय जेलमध्ये १० ऑगस्ट २०१९ ला लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्याची वाट पाहणारा धनाढ्य जेफ्री एपस्टीन मेला. त्या रात्री ज्या दोघांनी ठरावीक वेळाने फेऱ्या मारून बघायचं होतं ते डुलक्या काढत होते, इंटरनेट चाळत होते, आणि वहीत फेऱ्या मारल्याच्या खोट्या नोंदी करत होते. दोघंही जादा पाळीवर होते. जगाने कटकारस्थानं शोधली. मला त्यात एक थकलेली हजेरीवही दिसली. ती इमारत २०२१ मध्ये बंद करावी लागली. पन्नास वर्षांपूर्वी जी आदर्श म्हणून बांधली तीच.

काउंट्यांची कथा वेगळी नाही. कॅलिफोर्नियात नियम आहे की प्रत्येक कैद्याला तासातून निदान एकदा डेप्युटीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. झिंगलेल्यांच्या खोलीत अर्ध्या तासाने. भिंतीवर बटणं बसवलेली असतात, हातातली कांडी टेकवली की वेळ नोंदली जाते. मी त्या नोंदी पाहून खूश झाले होते. हिशेबतपासनिसाला यापेक्षा सुंदर काय दिसणार? मग राज्याच्या लेखापरीक्षकांचा सॅन दिएगो काउंटीवरचा २०२२ चा अहवाल वाचला. २००६ ते २०२० या काळात तिथल्या जेलांत १८५ माणसं मेली. काही प्रकरणांत फेरी वेळेवर नोंदलेली, पण डेप्युटीने खिडकीतून क्षणभर नजर टाकून पुढचं दार गाठलेलं. आतला माणूस श्वास घेतोय का, हे पाहिलंच नव्हतं. कांडी बटणाला टेकते, माणसाला नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. मुंबईचा शेरीफ म्हणजे समारंभात पहिल्या रांगेत बसणारं मानाचं पद. इथला शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख आणि जेलरही, आणि तो थेट मतदानाने निवडून येतो. शिवाय कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत मृत्यूचं कारण ठरवणारा कोरोनरही तोच. म्हणजे जेलात माणूस मेला तर कशाने मेला ते जेलरच्याच खात्याने सांगायचं. लोकशाहीचं कौतुक करताना मी हा तपशील गाळत असे. आता गाळत नाही. देशातली सगळ्यात मोठी जेलव्यवस्था चालवणारे लॉस एंजेलिसचे शेरीफ ली बाका हे चार वेळा निवडून आले होते. जेलमधल्या मारहाणीची एफबीआय चौकशी अडवल्याबद्दल ते २०१७ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मतदाराला जेल दिसतच नाही, तर तो मत कशावर देणार?

आपल्याकडचं सगळं वाईट आणि इथलं चांगलं, असा सूर लावला तर भाचा मला सोडणार नाही, आणि खोटंही होईल. मी पाहिलेल्या पॉडमधल्या माणसांनी आकाश कधी पाहिलं होतं, हे मी विचारलं. व्यायामाचं अंगण म्हणून जे दाखवलं ती चार भिंतींची काँक्रीटची पेटी होती, वर जाळी. नियमाने आठवड्याला किमान तीन तास व्यायाम. आपल्याकडे बराक कितीही कोंबलेली असो, सकाळी टाळं उघडलं की माणूस अंगणात येतो, झाडाखाली बसतो, दिवसाचा बराच वेळ उन्हात असतो. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली; भिंत नाही, शेती करा, बायकामुलांना आणा. मार्टिनेझच्या चाळीसेक वर्षं आधी. मी इथल्या एका अधिकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मनोरुग्णांच्या पॉडबद्दल तर लिहवत नाही. लॉस एंजेलिसच्या ट्विन टॉवर्स जेलला देशातलं सगळ्यात मोठं मनोरुग्णालय म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांत तिथले डॉक्टरही आहेत. ज्यांना इस्पितळात जागा नाही ते रस्त्यावर, आणि रस्त्यावरून इथे.

आणि दोन्हीकडे एक आकडा जवळजवळ सारखाच आहे. अमेरिकेतल्या काउंटी जेलांत कुठल्याही दिवशी साडेसहा लाखांच्या वर माणसं असतात. त्यातल्या दहापैकी सातजणांवर गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो. भारतात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा होती ४,३६,२६६ जणांसाठी, आणि शंभरातले पंचाहत्तरहून जास्त न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. फरक मुक्कामाचा. इथे सरासरी महिनाभर, आपल्याकडे कित्येकांची वर्षं. अडकण्याचं कारण मात्र पुष्कळदा एकच: पैसे. इथे जामिनाच्या रकमेचा दहावा हिस्सा दलालाला द्यायचा, तो परत मिळत नाही. तेवढाही नसला तर आत. आपल्याकडे जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाही. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन बंदच केला. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये तसा कायदा केला होता. जामिनाच्या धंदेवाल्यांनी सार्वमत लावलं आणि २०२० मध्ये मतदारांनी तो पाडला. माझ्या शेजाऱ्यांनीसुद्धा. मतदानाच्या आदल्या दिवशी चांगली दीड तास वादावादी झाली होती.

म्हणून बहुमजली इमारतीची बातमी वाचली की मला वाटतं, आधी मजले मोजू नका, खुर्च्या मोजा. भारतभरच्या तुरुंगांत मंजूर पदांपैकी साधारण तीन दशांश रिकामी असतात. तेवढ्याच शिपायांना अठ्ठावीस मजले दिले तर रात्री प्रत्येक मजल्यावर भाईचंच राज्य असेल, फक्त उंचावर.

आणि आत डोकावायला कोण जाणार, तेही ठरवा. २०१८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. खोलीत उजेड किती येतो हे न्यायाधीशबाईंना पाहायचं होतं. आपल्या सरकारने निमूट चित्रीकरण करून पाठवलं. न्हाणीघर, खिडकी, टीव्ही, सगळं. परक्या देशातल्या न्यायाधीशाला जे दिसलं ते ठाण्यातल्या, भायखळ्यातल्या करदात्याला का दिसू नये? तशी सोय कागदावर आहे. तुरुंगांच्या नियमांत अभ्यागत मंडळं आहेत, त्यांवर न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांच्याबरोबर अशासकीय सदस्य, म्हणजे तुमच्याआमच्यासारखे नागरिक, असावेत असं लिहिलेलं आहे. प्लंबर असायलाही हरकत नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याला म्हटलं, तू ज्या तुरुंगात जातोस तिथल्या मंडळावर अशासकीय सदस्य कोण आहेत ते विचार, आणि गेल्या वर्षी किती वेळा आत जाऊन आले तेही. तो विचारून आला. खिडकीतल्या माणसाने त्याला उलट विचारलं, "तुम्हाला कशाला पाहिजे?"

मग त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दोन प्रश्न, एक पान. पोच मला व्हॉट्सॲपवर पाठवली आहे. तीस दिवसांची मुदत आहे. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.